पोची कांतेरा: सुधीरला पत्र

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. ऑफिसातल्या चौदा जणांना घेऊन नैर्ऋत्य फ्रान्समधल्या पो शहरात जेवायला जायचं आणि तिथे सगळ्यांनी मिळून गायचं, हा बेत मला मनापासून आवडला. बेआर्नमध्ये, म्हणजे पोच्या आसपासच्या प्रदेशात, अशा गाण्याला कांतेरा म्हणतात. स्टेज नाही, माइक नाही. जेवता जेवता कोणीतरी ओळ उचलतो आणि अख्खं टेबल तीन सुरांत गाऊ लागतं. गाणी बेआर्नी बोलीतली, म्हणजे ऑक्सितान भाषेच्या गास्कोन शाखेतली, बरीचशी मेंढपाळांची आणि डोंगरांची.

आधी जागेचं. रेस्टॉरंटला फोन सकाळी अकराच्या आत कर. दुपारी बारा ते अडीच तिथे कोणाला बोलायला फुरसत नसते. गाणार आहोत हे आधीच सांग आणि दोन गोष्टी मागून घे. भिंतीवरचं स्पीकरचं संगीत बंद हवं, आणि एका लांब टेबलाऐवजी सात-सात जणांची दोन टेबलं काटकोनात हवीत. चौदा जणांच्या एकाच रांगेत टोकाच्या माणसाला ओळ उचलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, मग तो अर्धी मात्रा मागे पडतो आणि गाणं तिथूनच फाटतं. आगाऊ पैसे मागितले तर ते ‘आर’ आहेत की ‘आकोंत’ ते विचार. ‘आर’ असतील तर बेत रद्द केल्यावर तेवढेच बुडतात. ‘आकोंत’ म्हणजे सौदा पक्का, पूर्ण रकमेला बांधील.

जेवणात गार्ब्युर घ्याच. पांढरा घेवडा, कोबी, गाजर, सलगम, बटाटा, लीक, हॅमचं हाड आणि बदकाचं कॉनफी (स्वतःच्याच चरबीत मंद शिजवलेलं मांस) घातलेलं हे सूप. आठ जणांना साधारण 300 ग्रॅम घेवडा रात्रभर भिजवतात. तो हाडाबरोबर तासभर शिजला की कंद घालतात; कोबी शेवटच्या पाऊण तासात, कॉनफी अर्ध्या तासात. मीठ अगदी शेवटी, कारण हाड आणि कॉनफी दोन्ही खारट. चमचा उभा राहील इतकं दाट हवं, असं तिथली माणसं म्हणतात. तुमच्यात शाकाहारी असतील तर नीट लक्ष दे. मांसाचे तुकडे बाजूला काढून भागत नाही, रस्साच हाडाचा असतो. त्यांचं वेगळं जेवण बुकिंगच्या वेळीच सांग, ताटावर बसल्यावर नको.

सूप संपत आलं की तळाशी दोन-तीन चमचे गरम रस्सा ठेवायचा, तेवढीच रेड वाइन त्यात ओतायची, वाडगं हलकेच फिरवायचं आणि दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायचं. याला शाब्रो म्हणतात. रस्सा गारढोण झालेला असेल तर चरबी वर थिजते आणि सगळी मजा जाते.

वाइनचा हिशोब सोपा आहे: 750 मिलिच्या बाटलीत 125 मिलिचे सहा ग्लास. सगळे पिणारे असतील तर दोन-दोन ग्लासांना पाच बाटल्या पुरतात. तिथली पांढरी वाइन ज्युरांसों. लेबलवर नुसतं ‘ज्युरांसों’ असेल तर ती गोड. कोरडी हवी तर ‘ज्युरांसों सेक’. मादिरां लाल आणि तुरट. तिच्यातल्या ताना जातीच्या द्राक्षानं जीभ आणि गाल कोरडे पडतात. वरचा सूर धरणाऱ्यांनी ती गाण्यानंतर घ्यावी. ‘काराफ द’ओ’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट मिळतं, ते सतत भरून घ्या.

आता गाणं. तीनच निवडा, धृपद असलेली, आणि शब्द मोठ्या अक्षरांत छापून न्या. बाकीच्यांनी उचलून धरायची पद्धत आपल्याला भजनातून ठाऊकच आहे. फरक असा की इथे सगळे एका सुरात गात नाहीत. एक जण मूळ चाल धरतो, दुसरा तिच्यावर तिसऱ्या स्वराचं अंतर राखून चालतो (साच्यावर ग, तसं), आणि खाली जाड आवाजाचे दोघे-तिघे आधार देतात.

नव्या मंडळींचं गाणं बहुतेक वेळा पहिल्या ओळीतच चुकतं: पट्टी उंच लागते. वाइननं आणि उत्साहानं आवाज चढलेला असतो, मूळ चाल कशीबशी निभते, पण तिच्यावर चालणाऱ्याला दुसऱ्या कडव्यात चिरकावं लागतं. म्हणून उचलणाऱ्यानं ओळ मनात म्हणून पाहावी, सर्वांत वरचा स्वर सहज लागतो का ते बघावं, आणि मग त्याहून एक-दोन स्वर खाली सुरू करावं. पहिली ओळ त्याची एकट्याची. दुसऱ्या ओळीला बाकीचे, हळू आवाजात. शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला नाही तर आपण जोरात गातोय असं समजायचं. टाळ्या नकोत, टाळीनं लय पळते आणि लांबवायचे स्वर तुटतात. शेवटचा स्वर सगळ्यांनी एकत्र सोडायचा, उचलणाऱ्याच्या हनुवटीकडे बघून. माझ्या मते याचाच सराव घरी सर्वांत जास्त करा. शब्द चुकले तर कोणाला कळत नाही, सुटलेला शेवट सगळ्यांना कळतो.

वेळ सूप आणि मुख्य पदार्थाच्या मध्ये एका गाण्याची, उरलेली दोन डेझर्टनंतर. गरम ताटं हातात घेऊन वेटर येत असताना गाऊ नका, तो बिचारा दाराशीच अडकतो. शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी सूर धरला तर लगेच गप्प होऊन त्यांना पुढे जाऊ द्या. ती गाणी त्यांची आहेत, आणि खालचा आधार कसा द्यायचा ते त्यांच्याकडूनच कानावर पडेल. रात्री दहानंतर दारं-खिडक्या बंद आहेत ना ते पाहा, वर लोक राहतात.

गाणी ठरली की कळव. खालच्या आवाजाची ओळ रेकॉर्ड करून पाठवतो.

तुझा,
अविनाश