वरच्या मजल्यावरच्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

त्या रात्री दारातूनच तुम्ही विचारलंत, "लघवीचा रंग कसा आहे गं?" कोऱ्या चहासारखा, मी म्हणाले. मलेरियासाठी प्रायमाक्विन सुरू होऊन तिसरा दिवस. ताप उतरला म्हणून आम्ही निश्चिंत, आणि इकडे पोराचे डोळे पिवळे. "डॉक्टरांना आत्ता फोन लाव. जी-सिक्स-पीडी तपासलंय का विचार." तपासलं नव्हतं. औषध थांबलं, रक्त चढवावं लागलं, पोरगा वाचला.

तुमचं अख्खं आयुष्य एन्झाइमांवरच्या, म्हणजे पेशीतल्या क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांवरच्या संशोधनात गेलं, एवढंच इंदूरच्या रामबागेत आम्हाला ठाऊक होतं. ते आमच्या घरात असं कामी येईल, हे कुठे माहीत होतं! जी-सिक्स-पीडी हे असंच एक एन्झाइम, तांबड्या पेशीला काही औषधांच्या माऱ्यापासून तेच सांभाळतं, ते कमी असलं की पेशी फुटते, आणि प्रायमाक्विनमुळेच १९५६ साली ही कमतरता उघडकीस आली, हे तुम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून समजावलंत.

पण मला सर्वांत मोठं वाटतं ते पुढचं. जी-सिक्स-पीडीचा रिपोर्ट नॉर्मल आला, ह्यांनी पेढे आणले, आणि तुम्ही पेढा हातातच धरून म्हणालात, "कमी एन्झाइमच्या जुन्या पेशी फुटून गेल्यात. आत्ता रक्तात नव्या, कोवळ्या पेशी आहेत, त्यांच्यात ते जास्तच असतं. तीन महिन्यांनी तपासणी परत करा." परत केली. कमतरता निघाली. त्या नॉर्मलवर विसंबून पुढच्या तापात तेच औषध दिलं असतं तर?

मुलाला हे आईकडूनच येतं, हे कळल्यावर मला घास उतरेना. तुम्ही वरणभात घेऊन आलात. म्हणालात, "मलेरियाच्या मुलखात हा बदल टिकला, कारण तो मलेरियापासून थोडंफार राखतो. तुझी एखादी पणजी त्यानेच तगली असेल." काकू, त्या दिवशी मी जेवले.

डांबरगोळ्याही अशा पेशींना घातक, म्हणून ट्रंकेतल्या शालूंमधल्या गोळ्या तुमच्या सांगण्यावरून त्याच दिवशी काढल्या. टाळायच्या औषधांची तुमच्या अक्षरातली यादी फ्रिजवर आहे.

बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून त्यातल्या एन्झाइममुळे येणारा फेस तुम्ही दाखवलात, तेव्हापासून पोरगा वेडा झालाय. इंदुरातच १९११ साली जन्मलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींनी केंब्रिजला बटाट्यातच सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनातलं प्रथिन शोधलं, हे तो शाळाभर सांगत फिरतो. रविवारी तो पुन्हा वर येणार म्हणतोय. बटाटे मी पाठवते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची सूनबाई