घोडीच्या पावतीसोबत खुराकाची चिठ्ठीही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दत्तजयंती जवळ आली की तापीकाठी सारंगखेड्याला यात्रा भरते आणि घोडेबाजाराच्या बातम्या सुरू होतात. सर्वांत महाग घोड्याचा फोटो आणि त्याची किंमत आपण दरवर्षी छापता. त्याच पानावर थोडी जागा घोड्याच्या खाण्यालाही मिळावी, म्हणून हे पत्र.

शिरपूर तालुक्यात आमच्या घरी सासऱ्यांच्या आधीपासून घोड्या आहेत आणि त्यांच्या ठाणाचं सगळं मी पाहते. यात्रा उठली की पौष-माघात ओळखीपाळखीचे फोन येऊ लागतात. "ताई, नवी घोडी तोंडच लावत नाही. हरभरा भिजवून दिला, गूळ दिला, तरी बरगड्या दिसताहेत. दाणा अजून किती वाढवू?" माझं सांगणं एकच असतं. दाण्याला हात लावू नका, आधी तिचं तोंड तपासून घ्या.

घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. चावताना दात सारखे झिजत नाहीत. वरच्या दाढांना गालाकडून आणि खालच्या दाढांना जिभेकडून सुरीसारखी धार येते. गाल कापला जातो आणि जनावर खायला भितं. आमची घोडी चंद्रा यात्रेतून आणलेली, काठियावाडी जातीची, वयाने उतरलेली. तिच्या गव्हाणीत चघळलेल्या गवताचे ओले बोळे पडलेले दिसायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, नखरेल आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तोंड उघडं राहावं म्हणून त्यात आडणी घालून दाढांना कानस लावली आणि बोळे पडायचे थांबले. त्याच वेळी लीद तपासून जंताचं औषध दिलं. हे दोन्ही झाल्याशिवाय खुराकावर पैसा घालणं मला पटत नाही.

तरी चंद्रा चोखंदळ राहिलीच. काही घोड्या असतातच तशा. पण त्यांचीही एक रीत असते. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान, आणि त्यात आम्ल सतत झिरपत असतं. रानात तो दिवसभर थोडंथोडं चरतो. आपण सकाळी एक पेंढी, संध्याकाळी एक तोबरा दाणा देतो आणि मधले तास गव्हाण रिकामी ठेवतो. त्याने जठरात व्रण पडतात आणि व्रण पडलेली घोडी आधी दाणाच सोडते. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सात किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो, आणि तो दिवसरात्र समोर असावा. कडब्याच्या जाड धाटांवर चोखंदळ जनावराचं वजन वाढत नाही. मऊ मारवेल गवत आणि वाळवलेला लसूणघास (ल्युसर्न) मिसळून द्यावा. चंद्रा लसूणघासाची पानं आधी वेचते. वेचू द्यावीत, प्रथिनं पानांतच जास्त असतात.

दुसरी गोष्ट गव्हाच्या कोंड्याची. आपल्याकडे अशक्त घोड्याला कोंडा भिजवून घालतात. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. महिनोन् महिने तोच मुख्य खुराक झाला तर हाडं ठिसूळ होतात, चेहरा फुगीर दिसू लागतो. सोबत लसूणघास असला की तो कॅल्शियमची तूट भरून काढतो. भिजवलेलं जे घालाल ते तासा-दोन तासांत उचला. आंबूस वास आला की अशी घोडी पुढच्या वेळी त्या घमेल्याकडे बघतही नाही.

हरभरा वाईट नाही. पण दाणा एका वेळी किलोच्या आत असावा, हवा तर दिवसातून तीनदा द्यावा. एकदम जास्त दाणा गेला की तो न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, पोटशूळ उठतो, खुरांना आतून सूज येते. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं परत येत नाही. यात्रेआधी जनावर भरलेलं दिसावं म्हणून महिनाभर दाण्याचा मारा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

वजनासाठी मी तेलावर भर देते. शंभर मिली तेलात पाव किलोपेक्षा जास्त ओटची ताकद असते, शिवाय त्याने दाण्यासारखं पोट आंबत नाही. दोन चमच्यांपासून सुरुवात करायची आणि दोन-तीन आठवड्यांत वाढवत दिवसाला पाव लिटरच्या आत थांबायचं. तेलाचा वास काहींना आवडत नाही, तेव्हा मूठभर मेथीपूड घालावी. इंग्लंडमध्ये घोड्यांना निरनिराळ्या वासांचा खुराक देऊन पाहिला होता. 2005 मध्ये ते संशोधन छापून आलं. त्यात मेथी आणि केळी सर्वांत वर होत्या! खानदेशात आपल्याला आणखी काय हवं?

दुसरी घोडी नजरेसमोर बांधलेली असली की चंद्रा गव्हाण साफ करते, एकटी असली की कान टवकारून उभी राहते. नव्या घरी आलेल्या जनावराला सोबत द्या, शेळीची दिली तरी चालते. वजन डोळ्यांनी जोखू नका. थंडीतल्या केसांखाली बरगड्या लपतात. शिंप्याच्या टेपने दर रविवारी छातीचा घेर मोजून भिंतीवर लिहावा. फरक दिसायला महिना-दोन महिने लागतात.

एक ताकीद मात्र कळकळीने. गायी-कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याला घालू नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गायीला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने निकामी होतं.

आता मागणी. यात्रेत सौदा ठरला की पावती मिळते. आयोजकांनी आणि पशुसंवर्धन विभागाने तिच्यासोबत खुराकाची चिठ्ठी द्यायला लावावी. घोडी सध्या कोणता चारा खाते, कोणता दाणा किती वेळा खाते, दात शेवटचे कधी घासले, जंताचं औषध कधी दिलं, एवढं विकणाऱ्याने लिहावं. विकत घेणाऱ्याने तोच चारा-दाणा दोन आठवडे पुरेल इतका सोबत न्यावा आणि रोज थोडाथोडा बदलत आपल्या चाऱ्यावर आणावा. बाजारात दात तपासण्याचा एक मंडप उभारला, तर सौदा होण्याआधीच पुष्कळ काही कळेल.

आपली,
एक अश्वपालक,
ता. शिरपूर, जि. धुळे