‘विविध पर्याय उपलब्ध आहेत’ : सशुल्क संशोधन अहवालाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : लहान तेल-वायू कंपनीच्या राइट्स इश्यूवरील आपला अहवाल, त्यातील त्रुटी आणि आपल्या मदतकक्षाची वागणूक

महोदय,

आज दुपारी आपल्या मदतकक्षाशी जे संभाषण झाले, त्यानंतर पुन्हा फोन करण्याची माझी इच्छा उरलेली नाही, म्हणून हे लेखी कळवीत आहे. वर्षाचे शुल्क आगाऊ घेऊन आपण जी ‘प्रीमियम संशोधन सेवा’ देता, तिच्या अंतर्गत मला सदर कंपनीच्या राइट्स इश्यूला, म्हणजे विद्यमान भागधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरना, ‘सबस्क्राइब करा’ (पैसे भरून ते घ्या) असा सल्ला देणारा अहवाल मिळाला. त्यात वायूच्या साठ्यांवर तीन पाने आहेत, विहिरींच्या चाचण्यांचे रंगीत आलेख आहेत, प्रवर्तकांचे छायाचित्रही आहे. हा वायू विहिरीपासून ग्राहकापर्यंत कसा जाणार, यावर मात्र एकच वाक्य आहे : ‘उत्पादित वायू बाजारात नेण्यासाठी विविध पर्याय उपलब्ध आहेत.’ हे पर्याय कोणते, त्यांचा खर्च किती, तो कोण करणार आणि त्याला किती वर्षे लागणार, हे मी विचारीत आहे आणि अजूनपर्यंत त्याचे उत्तर मिळालेले नाही.

मी एकलहरे औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालो. इंधन खाणीत असणे आणि ते बॉयलरपाशी पोहोचणे यांत किती अंतर असते, हे मला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माझ्याबरोबर या इश्यूचा विचार करणारे नोटप्रेसमधील एक निवृत्त सहकारी आणि निफाडचे एक द्राक्ष बागायतदार यांनाही ती नाही. आम्ही लहान गुंतवणूकदार आहोत, त्यामुळे साठा किती, यापेक्षा तो विकला कधी जाणार, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्या संशोधन विभागाला हे ठाऊक असणारच, तरीही लिहितो. अहवालात ‘मुख्य वाहिनी नजीकच आहे’ असे म्हटले आहे, परंतु किलोमीटरचा आकडा दिलेला नाही. 1 एप्रिल 2023 पासून राष्ट्रीय जाळ्यातील वाहिन्यांना एकसमान वाहतूक दर लागू झाला, याचा आपण लाभ म्हणून उल्लेख केला आहे. पण तो दर जाळ्यात शिरलेल्या वायूला लागतो, विहिरीपासून जाळ्यापर्यंतच्या जोडवाहिनीचा खर्च त्यात येत नाही. ती जोडवाहिनी टाकायची म्हटली, तर पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांसंबंधीच्या 1962 च्या कायद्याखाली शेतकऱ्यांच्या जमिनीत वापरहक्क घ्यावा लागेल. जमीन शेतकऱ्याचीच राहते, मात्र त्या पट्ट्यात त्याला बांधकाम करता येत नाही, विहीर खोदता येत नाही आणि झाडही लावता येत नाही. समृद्धी महामार्गालगत मुंबई–नागपूर वायुवाहिनीचे काम सिन्नरकडच्या लोकांनी पाहिलेले आहे. निफाडच्या आमच्या मित्रांनी अहवाल वाचून पहिला प्रश्न हाच विचारला की, संमती किती शेतकऱ्यांची झाली आहे. अहवालात शेतकरी हा शब्दच नाही.

वाहिनी नको असेल, तर वायू दाबून, म्हणजे सुमारे 200 बार दाबाखाली, एकत्र जोडलेल्या सिलिंडरच्या संचातून (कॅस्केडमधून) ट्रकने नेता येतो. परंतु हे थोड्या अंतरासाठी आणि थोड्या प्रमाणातच परवडते. उणे 162 अंशांपर्यंत थंड करून तो द्रवरूप केला, तर त्याचे आकारमान सुमारे सहाशेपट कमी होते आणि टँकर लांबवर जाऊ शकतो. मात्र त्या संयंत्राचा भांडवली खर्च राइट्स इश्यूतून उभ्या होणाऱ्या रकमेत कोठे बसतो, हे दाखवावे लागेल. तिसरा मार्ग त्रिपुराचा. तेथे वायू मुबलक आणि बाहेर नेण्यास वाहिनी नव्हती, म्हणून पालाटाणा येथे 726.6 मेगावॉटचे केंद्र उभारून वायूऐवजी वीज बाहेर काढली गेली. त्यासाठीची अवजड यंत्रे बांगलादेशातून न्यावी लागली होती. वरील प्रत्येक मार्गाचा खर्च वेगळा, ग्राहक वेगळा आणि शेअरचे मूल्यही वेगळे. ‘विविध पर्याय’ या दोन शब्दांत हे सारे उरकून टाकण्यासाठी आम्ही शुल्क भरलेले नाही.

आता आजच्या संभाषणाकडे येतो. बराच वेळ संगीत ऐकवल्यानंतर आपल्या ‘वरिष्ठ संपर्क व्यवस्थापकां’नी फोन घेतला. मी प्रश्न वाचून दाखवला. त्यावर ते म्हणाले, ‘काका, गॅस सापडलाय ना? मग तो काय हवेत जाणार आहे का?’ मी त्यांना शांतपणे सांगितले की, होय, हवेतच जातो. मुंबई हायच्या समुद्रात तेलासोबत निघणारा वायू वाहून नेण्याची पुरेशी सोय नव्हती म्हणून वर्षानुवर्षे जाळला जात होता. यावर त्यांनी ‘ते जुनं झालं’ असे उत्तर दिले. मग त्यांना समजावे म्हणून मी म्हणालो की, लासलगावचा शेतकरी भाव नसेल तर कांदा चाळीत काही महिने ठेवू शकतो, वायूला अशी चाळ नसते. विहीर सुरू केली की घेणारा दारात उभा हवा. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मला वाटले, मुद्दा पोहोचला. त्यानंतर ते म्हणाले, ‘सर, कांद्यासाठी आमचा कमोडिटी विभाग वेगळा आहे, तुम्हाला तिकडे जोडून देतो.’ आणि खरोखरच जोडून दिले. कमोडिटी विभागातील मुलीने अत्यंत नम्रपणे मला विचारले की, माझे कमोडिटी खाते आहे का, आणि नसल्यास ते आजच उघडल्यास पहिल्या महिन्याची दलाली माफ आहे. त्या मुलीचा यात काही दोष नाही. तिने निदान माझे वाक्य पूर्ण ऐकले.

संभाषण तेथेच संपले असते, तर मी कदाचित हे पत्र दोन परिच्छेदांत आटोपले असते. पण थोड्या वेळाने आपल्याकडून ‘तक्रार निवारण झाले, कृपया पाच तारे द्या’ असा संदेश आला.

अहवालाच्या शेवटी इस्रायलच्या लेव्हायथन या समुद्रातील वायूक्षेत्राचे उदाहरण देऊन, अशा शोधांमुळे गुंतवणूकदारांचे भाग्य उजळते असे सुचविले आहे. ते उदाहरण आपण पूर्ण सांगितले असते, तर बरे झाले असते. तो साठा 2010 मध्ये सापडला आणि वायू प्रत्यक्ष वाहू लागला 31 डिसेंबर 2019 रोजी. मधल्या काळात तरंगत्या द्रवीकरण प्रकल्पाची चर्चा झाली, तुर्कस्तानकडे समुद्राखालून वाहिनी नेण्याची झाली, भागीदारीसाठी बोलणी करणारी ऑस्ट्रेलियाची वुडसाइड कंपनी 2014 मध्ये बाजूला झाली. अखेर मार्ग निघाला तो जॉर्डन आणि इजिप्त या शेजाऱ्यांकडे. त्यातही इजिप्तला वायू गेला तो एकेकाळी इजिप्तचाच वायू इस्रायलला आणण्यासाठी टाकलेल्या वाहिनीतून, उलट दिशेने. एवढा प्रचंड साठा असूनही तो वायू बाजारात पोहोचण्यास नऊ वर्षे लागली. आपल्या सदर कंपनीचा साठा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही; मग तिच्यासाठी आपण ‘पुढील आर्थिक वर्षापासून महसूल’ कोणत्या आधारावर गृहीत धरला आहे?

आपल्याच देशातील उलटे उदाहरणही आहे. काकिनाडा ते भरूच ही सुमारे 1,400 किलोमीटरची वाहिनी कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूसाठी 2009 मध्ये तयार झाली. वायूचे उत्पादन काही काळातच झपाट्याने घसरले आणि वाहिनीची क्षमता मोठ्या प्रमाणात रिकामी राहिली. म्हणजे साठ्याचा अंदाज आणि मार्गाचा अंदाज हे दोन्ही एकमेकांच्या जोडीनेच तपासावे लागतात. आपण एकावर तीन पाने लिहिली आणि दुसऱ्यावर एक वाक्य. हे मी पुन्हा लिहीत आहे, कारण फोनवर ते पुन्हा पुन्हा सांगूनही कोणी लिहून घेतले नाही.

पूर्वी आपल्या नाशिक शाखेत एक गृहस्थ बसत असत. ते इश्यूचे माहितीपत्रक हातात घेऊन ‘यात हे लिहिलेले नाही, जरा थांबा’ असे स्पष्ट सांगत. त्यांच्या त्या ‘जरा थांबा’मुळेच आम्ही आपल्या पेढीवर विश्वास ठेवला. आता शाखेत एक मोठा पडदा आहे आणि त्यावर आपले घोषवाक्य फिरत असते.

माझ्या मागण्या अशा आहेत. वायू नेण्याचा निवडलेला मार्ग, जोडवाहिनीची लांबी व खर्च, खरेदीदाराशी झालेला करार आणि त्यात ‘टेक ऑर पे’ची (वायू उचलला नाही तरी खरेदीदाराने पैसे देण्याची) अट आहे किंवा नाही, यांचा लेखी खुलासा इश्यू बंद होण्यापूर्वी करावा. खुलासा करता येत नसेल, तर सल्ला मागे घेऊन तसे सर्व सदस्यांना कळवावे. आपल्या समूहातील एखादी संस्था या इश्यूच्या व्यवस्थापनात आहे किंवा कसे, हेही त्याच पत्रात नमूद करावे. अहवालातील उत्साह पाहता हा प्रश्न विचारणे मला भाग आहे. माझ्या सेवेच्या उर्वरित काळाचे शुल्क परत करावे.

समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर हा अहवाल आणि आजच्या संभाषणाचा वृत्तांत जोडून तक्रार नोंदवीन. तेथे आपल्याला 21 दिवसांत उत्तर द्यावेच लागेल आणि तेथे कांद्याचा विभाग नाही. संभाषण ‘गुणवत्तेसाठी’ ध्वनिमुद्रित होत असल्याचे आपणच सुरुवातीला ऐकवता, त्यामुळे ते ध्वनिमुद्रण जपून ठेवावे ही विनंती. सेवेच्या आपोआप नूतनीकरणाची संमती मी बँकेकडे आजच रद्द केली आहे. या विषयावर मला फोन करू नये.

आपला ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक