गरोदरपणातली सूज दर वेळी साधी नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘गरोदरपणात पाय सुजायचेच’ या वाक्यापायी आमच्या घरात दोन महिने वाया गेले. भाचीला चौथा महिना सरता सरता जोडवी बोटांत रुतू लागली, म्हणून ती काढून ठेवावी लागली. लघवीला फेस येतो, असेही ती सांगत होती. इथल्याच एका दवाखान्यात लघवीच्या पट्टीवर प्रथिने तीन प्लस, म्हणजे बरीच जास्त आली, तरी ‘पुढच्या खेपेला बघू’ एवढेच उत्तर मिळाले. सहाव्या महिन्यात रक्तदाब चढल्यावर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी निदान केले ते लुपसचे.

गरोदरपणातल्या रक्तदाबाचा विकार साधारणपणे 20 आठवड्यांनंतर दिसतो. त्याआधीच लघवीतून इतकी प्रथिने जात असतील, तर मूळ दुखणे मूत्रपिंडात असण्याची शक्यता मोठी, हे आम्हाला तेव्हा कळले. लुपसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. मूत्रपिंडाला सूज येऊन रक्तदाब वाढला, की वारेतून बाळाला मिळणारे रक्त कमी पडते, त्याची वाढ खुंटते आणि पुष्कळदा दिवस भरण्याआधीच प्रसूती करावी लागते. शिवाय आईच्या रक्तात अँटी-रो नावाची, स्वतःच्याच पेशींवर उलटणारी प्रतिपिंडे असतील, तर ती वार ओलांडून बाळाच्या हृदयाचे ठोके चालवणारी विद्युत-यंत्रणा बिघडवू शकतात. असे शंभरात एखाद-दुसऱ्याच बाळाला होते, पण झालेली इजा सहसा भरून येत नाही. म्हणून साधारण 16 ते 26 आठवड्यांच्या काळात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात. आमचा त्यातला बराच काळ निदानाआधीच निघून गेला होता.

निदानानंतर घरच्याच वडीलधाऱ्यांनी ‘पोटुशीला एवढ्या गोळ्या कशाला’ म्हणून त्या बंद करण्याचा आग्रह धरला, तो आम्ही मानला नाही, हे बरे झाले. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही लुपसवरची गोळी गरोदरपणातही चालू ठेवायची असते. ती मनाने बंद केली, तर आजार उसळण्याचा धोका असतो. उलट, मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध मात्र गर्भधारणेच्या किमान 6 आठवडे आधी थांबवून दुसरे औषध घ्यावे लागते, आणि एनालाप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडालाही बाधतात. म्हणून ज्या मुलींना आजार ठाऊक आहे, त्यांनी तो किमान 6 महिने शांत राहिल्यावर, डॉक्टरांशी बोलूनच दिवस राहू द्यावेत.

बाळ 34व्या आठवड्यात झाले, वजन 1,600 ग्रॅम. आता ते बरे आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. तिथे आणि खासगीतही, 20 आठवड्यांच्या आत लघवीत दोन प्लस प्रथिने दिसली, तर त्याच आठवड्यात रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते यावरून कळते) तपासून मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्यावी, ही जिल्ह्यातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर