ताई, या आठवड्यात आमच्या घरात काय चाललंय, ते सविस्तर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

दर शनिवारी वाचनालयात पुस्तकं बदलायला आले की तुम्ही देवघेवीच्या टेबलापलीकडून विचारता, "काय, या आठवड्यात घरात काय काय चाललंय?" आणि मी दर वेळी "चाललंय आपलं" म्हणून पिशवी उचलते. मागे रांग असते. कुणाला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक हवं असतं, कुणाला दिवाळी अंक, कुणाला दंड माफ करून हवा असतो. तिथे उभं राहून पाच जणांचा वृत्तान्त देणं बरं दिसत नाही. म्हणून या वेळी लिहूनच देते, आणि चारचौघांत देते. नुसती चिठ्ठी दिली असती तर तुम्ही ती घडी करून दाखल रजिस्टरात ठेवली असती आणि "पुढचं बोला" म्हणाला असता.

सुरुवात सासूबाईंपासून, कारण घरात सगळ्याचीच सुरुवात त्यांच्यापासून होते. त्या चौथी शिकलेल्या. वाचन म्हणजे शिवलीलामृताचा अकरावा अध्याय, नवनाथांची पोथी आणि 'कालनिर्णय'ची मागची बाजू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही आमच्याकडे आला होता, तेव्हा त्यांना म्हणालात, "आजी, एक बाई आहे, शाळेत कधी गेली नाही, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकली आणि सगळं आयुष्य लिहून काढलं. वाचता का?" मला वाटलं होतं, त्या हसून सोडून देतील. पण दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, "त्या बाईचं पुस्तक आण गं."

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तेव्हापासून आमच्या घरी येते आणि जाते. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, दिवसाला तीन-चार पानं, हा त्यांचा वेग. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड वाचताना त्यांना आपली आजेसासू आठवली आणि दोन दिवस घरात तोच विषय होता. लक्ष्मीबाईंच्या यजमानांवर, रेव्हरंड टिळकांवर मात्र सासूबाईंचा राग आहे. न सांगता घरातून निघून जाणं, हातातले पैसे भलत्यालाच देऊन येणं, हे त्यांना पटत नाही. "कवी असेल मोठा, पण संसाराला उपयोगाचा नव्हता," असा निकाल त्यांनी दिलाय. या आठवड्यात त्या 1895 सालापर्यंत पोचल्यात. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्याची बातमी येऊन थडकली आहे आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलंय. तिथे सासूबाईंनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "आता लगेच पुढचं नको. तिला जरा सावरू दे."

सध्या मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत. परवा महालक्ष्मीची कहाणी वाचून झाली, आरती झाली, शेजारच्या बायका दूध-केळी घेऊन उठायला लागल्या. तर सासूबाई म्हणाल्या, "बसा गं, अजून एक वाचून दाखवते." आणि चष्म्याची दोरी मानेमागे सारून त्यांनी लक्ष्मीबाईंचा एक प्रसंग वाचला. अडखळत वाचला, पण बायका हसून हसून लोळल्या. आता पुढच्या गुरुवारी लवकर येतो म्हणाल्यात सगळ्या. तुमच्याकडे त्या पुस्तकाची मागणी वाढली तर कारण हे आहे.

यांचं वाचन तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक, त्यात रात्रपाळी, त्यामुळे नारायण धारप. भयकथा वाचून झाल्यावर रात्री दोनला रिकाम्या स्थानकात फेरी मारायला मजा येते म्हणे. घरातल्या शिकल्यासवरल्या पाहुण्यांनी यावर नाकं मुरडली आहेत. तुम्ही कधी मुरडलं नाहीत. उलट "धारपांच्या समर्थांच्या कथा नवीन बांधून आल्यात, ठेवल्यात तुमच्यासाठी" असा निरोप माझ्याबरोबर पाठवायचात. आणि मग एकदा दोन धारपांच्या मध्ये तुम्ही एक बारीकशी कादंबरी सरकवलीत, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. वर जुन्या कॅलेंडरच्या कपट्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, "यात भूत नाही. तरी वाचा."

ती त्यांनी वाचली. या आठवड्यात दुसऱ्यांदा वाचतायत. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, पोरं मेंढरांमागे रानात, शाळा बंद पडलेली आणि तिथे बदलून आलेला तरणा मास्तर. हा मास्तर शिकवतो कमी आणि लोकांची पत्रं, भांडणं, व्यवहार सांभाळतो जास्त. हे यांना फार जवळचं वाटतं. स्थानकावरच्या खिडकीत बसलेल्या माणसालाही लोक गाडीच्या वेळेपेक्षा दुसऱ्याच गोष्टी जास्त विचारतात. शिवाय त्यांचा एक धंदेवाईक मुद्दा आहे तो सांगते. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे ते नगर धावली. बनगरवाडीची गोष्ट त्याच्या आधीची, संस्थानी राज्यातली. म्हणून मास्तर चालत जातो. "वाडीला मुक्कामी गाडी असती तर मास्तर रोज ये-जा करून राहिला असता, आणि मग कसली कादंबरी?" यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर शनिवारी सांगा. माझ्याकडे नाही.

मुलीचं प्रकरण जरा मोठं आहे. ती नववीत. गेल्या वर्षी मोबाइलवरून तिची नि माझी रोज जुंपायची. तुमच्याकडे तिला ओढत आणलं होतं ते आठवत असेलच. तुम्ही तिला "वाचलं पाहिजे" वगैरे काही म्हणाला नाहीत. म्हणालात, "घेऊन जा. कंटाळा आला तर परत आण, पण कुठल्या पानावर आला ते सांग." पहिली तीन-चार पुस्तकं तिनं खरंच परत आणली, पानाचा आकडा सांगून. तुम्ही तो आकडा गंभीरपणे लिहून घ्यायचात. मला वाटतं, तिथेच ती फसली.

या आठवड्यात तिच्या हातात वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आहे. 1981 पासून मराठी घरांतून फिरणारं पुस्तक, मी स्वतः शाळेत असताना वाचलेलं. पण मी "वाच" म्हटलं असतं तर तिनं हातही लावला नसता. गुलामीत जन्मलेला मुलगा 1896 साली अलाबामातल्या टस्कीगीला शिकवायला येतो. वर्षानुवर्षं कापूस घेऊन घेऊन तिथली जमीन पार मेलेली. तो शेतकऱ्यांना सांगतो, मधे भुईमूग घ्या, चवळी घ्या, रताळी लावा. इथपर्यंत वाचून ती तडक अंगणात गेली आणि आजोबांना म्हणाली, "आजोबा, कापूस काढून शेंगा लावल्या की जमीन सुधारते, तुम्हाला माहीत होतं?"

आमचे मामंजी आयुष्यभर शेती केलेले. ते काही बोलले नाहीत. काठी घेतली, घरामागच्या तुकड्यात गेले, हरभऱ्याचं एक रोप मुळासकट उपटलं, माती झटकली आणि मुळांवरच्या बारीक गाठी तिच्या तळहातावर ठेवल्या. "नखानं फोड." तिनं फोडली. आतून गुलाबी. "गुलाबी आहे म्हणजे काम चालू आहे. उसाचा खोडवा काढला की हरभरा कर, हे मला माझ्या बानं सांगितलं. त्याच्या बाला कुणी सांगितलं ते ठाऊक नाही." त्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र जमिनीत धरून ठेवतात, हे तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. परीक्षेत तिनं ते लिहिलंही आहे. पण गाठ फोडून पाहिलेली नव्हती. आजोबा आणि नात त्या दिवशी अंधार पडेपर्यंत वाफ्यातच होते, आणि स्वयंपाकघरात मला एकटीला भाकऱ्या थापाव्या लागल्या, हेही नोंदवून ठेवते.

मामंजींचं वाचन म्हणजे आता ऐकणं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. बारीक टाइप दिसत नाही. पेपरसुद्धा मथळ्यांपुरताच. त्या दिवसांत ते फार चिडचिडे झाले होते. तुम्हाला मी हे सहज बोलता बोलता सांगितलं, तर तुम्ही विचारलंत, "पोराला वाचता येतं ना नीट? मग त्यांना वाचून दाखवायला लावा." आणि चिं. वि. जोशींचा चिमणराव काढून दिलात. लहान लहान गोष्टी, एका बैठकीत संपणाऱ्या. पाचवीतल्या पोराला दमवणार नाहीत आणि सत्तरीच्या माणसाला झोप येऊ देणार नाहीत. बडोद्याला पाली शिकवणाऱ्या प्राध्यापकानं हे लिहिलंय यावर मामंजींचा विश्वास बसत नाही. दूरदर्शनवर चिमणराव आणि गुंड्याभाऊ झालेले प्रभावळकर आणि बाळ कर्वे त्यांच्या डोळ्यांपुढे इतके पक्के बसलेत की गुंड्याभाऊचं वाक्य आलं की ते आवाज बदलायला लावतात. नातू बदलतो. शाळेतल्या बाईंनी परवा मला थांबवून सांगितलं की त्याचं प्रकट वाचन फार सुधारलंय. ते श्रेय मी तिथल्या तिथे तुम्हाला दिलंय.

स्वतःसाठी तो सध्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचतोय, म्हणजे आम्ही सगळेच ऐकतोय, कारण दर पाच मिनिटांनी घरात "टॉक्" होतं. फास्टर फेणे म्हणजे बन्या फुरसुंगीचा आहे हे कळल्यावर त्यानं वडिलांना विचारलं, "आपली गाडी फुरसुंगीला थांबते का?" यांनी थेट खिडकीतल्या आवाजात उत्तर दिलं, "मार्गावर नाही. हडपसरला उतरायचं, पुढे पीएमपी."

एका बाबतीत मात्र तुमचं-आमचं जमलं नाही, तेही लिहायला हवं. 'श्यामची आई' तुम्ही त्याला मोठ्या आशेनं दिलीत. साने गुरुजींनी ती 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे सांगून दिलीत. त्यानं थोडी वाचली आणि "श्याम फार रडतो" म्हणून परत केली. सासूबाई दुखावल्या, मामंजी हसले, मी गप्प बसले. माझं मत विचाराल तर ते पुस्तक आई झाल्यावर जास्त कळतं. तुम्ही "बरं, राहू दे" म्हणून ते फळीवर ठेवलंत आणि भा. रा. भागवत पुढे केलेत. दुसरं कुणी असतं तर संस्कारांवर दहा मिनिटं बोललं असतं.

दिवाळी अंक योजनेचे अंकही आहेतच. वर्गणी एकदा भरली की गुढीपाडव्यापर्यंत अंक बदलत राहायचे, ही योजना ज्यानं काढली त्याचं भलं होवो. 1909 साली का. र. मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथपासूनची ही मिठाई. आमच्याकडे त्याची वाटणी अशी: आधी मामंजींना राशिभविष्य वाचून दाखवायचं, मग व्यंगचित्रं मुलांची, आणि कथा-लेख मला, रात्री साडेदहानंतर. तोपर्यंत अंकाचं मुखपृष्ठ निम्मं सुटलेलं असतं. ते डिंकानं चिकटवून देते, तुम्ही पाहिलंच असेल.

आता माझं. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मी चैत्रात मागितलं, तेव्हा तुम्ही अट घातलीत, चालू महिन्याचाच लेख वाचायचा आणि पुस्तक परत आणायचं. मला आधी ही अट चमत्कारिक वाटली. बारा महिन्यांचे बारा लेख, सगळं पुस्तक दोन संध्याकाळींत संपेल एवढं. पण तुम्ही खरोखरच महिन्यातून एकदाच देता. मागच्या कार्डावर आता ओळीनं माझाच क्रमांक दिसतो. या आठवड्यात मार्गशीर्ष. दुर्गाबाई झाडाकडे, पाखराकडे, आभाळाकडे ज्या नजरेनं बघतात ती एका महिन्यापुरती उसनी मिळते. ऑफिसला जाताना मी शेवग्याची फुलं बघते, बोरी कुठे लागल्यात ते बघते. पुस्तक सलग वाचलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं. 1956 चं पुस्तक आणि तुमची अट, दोघांचेही आभार.

तुमच्या पगाराबद्दल लिहू नका असं तुम्ही म्हणाल, पण पत्र माझं आहे. राज्यात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान, आणि त्या अनुदानातूनच पुस्तकं, वीज, बांधणी आणि तुम्ही. अनुदान हप्त्यानं येतं आणि हप्ता कधी येईल ते कुणी सांगत नाही. अशी हजारो वाचनालयं गावोगावी तुमच्यासारख्या माणसांवर उभी आहेत. लोक पुस्तकांच्या गावाचं, भिलारचं कौतुक करतात. आम्हीही उन्हाळ्यात जाऊन आलो, सुरेख आहे. पण पावसाळ्यात पुस्तकांना कसर लागू नये म्हणून कपाटं उघडून एकेक पुस्तक झटकणारी बाई कुणाच्या फोटोत येत नाही.

असो. शनिवारी मी येईनच. 'बनगरवाडी'ला दोन दिवस उशीर होणार आहे, दंड लावा, माफ करू नका, यांनी मुद्दाम सांगितलंय. मुलीसाठी कार्व्हरनंतर काय, ते तुम्ही ठरवा, ती माझं ऐकणार नाही. मामंजींना चिमणरावाचा पुढचा भाग हवाय. आणि सासूबाई विचारतायत की वाचनालयाची एखादी जास्तीची 'स्मृतिचित्रे' गुरुवारपुरती मिळेल का. शेजारच्या काकूंना स्वतः वाचून बघायचंय, पण सभासद व्हायला त्या अजून लाजतात. नावनोंदणीचा फॉर्मही त्यातच घालून द्या. अनामत मी भरते.

आपली,
वाचनालयाची एक सभासद, आणि घरचे सगळे