त्या ध्वनिमुद्रणांवरील ‘एकसुरी’ हा शेरा अन्यायकारक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील कॅरिबियन संगीतावरचा लेख वाचला. कॅलिप्सो आणि रेगे या तेथील लोकप्रिय गीतप्रकारांविषयीचा भाग माहितीपूर्ण आहे. सुनील गावसकरांनी १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेन येथे कसोटी पदार्पण केले आणि त्याच दौऱ्यातील पराक्रमावर लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादच्या गायकाने कॅलिप्सो रचले, हा मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा धागाही लेखकाने बरोबर पकडला आहे. मात्र या बेटांवरील आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या धार्मिक गाण्यांची जी जुनी ध्वनिमुद्रणे आज इंटरनेटवर सहज ऐकता येतात, त्यांची बोळवण ‘आदिम, एकसुरी आणि जादूटोण्याशी निगडित’ एवढ्याच शब्दांत केली आहे, त्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ही ध्वनिमुद्रणे कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या कायद्याच्या सावटाखाली झाली हे ठाऊक नसेल, तर नुसत्या कानावर विसंबून त्या संगीताची पारख होऊ शकत नाही, असे माझे मत आहे.

हैतीचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी अ‍ॅलन लोमॅक्स हा एकवीस वर्षांचा तरुण डिसेंबर १९३६ मध्ये तेथे पोहोचला आणि पुढच्या काही महिन्यांत त्याने सुमारे दीड हजार ध्वनिमुद्रणे केली. ती अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर, जागेवरच खाचा पाडून केलेली होती आणि तबकडीच्या एका बाजूला मोजकीच मिनिटे मावत. व्होडू या हैतीतील आफ्रिकी मुळांच्या धर्माच्या रादा परंपरेतील विधी मात्र रात्रभर चालतो. त्यात तीन ढोल असतात. सर्वांत लहान ‘बुला’ ठेका धरून ठेवतो, मधला ‘सेगोन’ त्याच्याशी सवालजवाब करतो आणि मोठा ‘मांमां’ वादनाचे नेतृत्व करतो. जोडीला ‘ओगान’ हे लोखंडी वाद्य असते. मांमां वाजवणारा मध्येच ठेका मोडून आडवे बोल काढतो आणि नेमक्या त्या क्षणी भक्ताच्या अंगात देव येतो, म्हणून साऱ्या वादनाचा जीव त्या मोडणीत असतो. आता ती मोडणी येण्याआधीच तबकडी संपली, तर ऐकणाऱ्याच्या पदरात उरतो तो केवळ बुलाचा ठेका. त्याला कोणी एकसुरी म्हटले, तर तो शेरा वादकांना लागू होत नाही, तबकडीच्या लांबीला लागू होतो. शिवाय खरखर इतकी होती की या तबकड्या कित्येक दशके ग्रंथालयात जवळपास न ऐकलेल्याच राहिल्या. आवाज स्वच्छ करून त्यांतील निवडक भाग दहा सीडींच्या संचात प्रसिद्ध व्हायला २००९ साल उजाडले.

यंत्राहूनही मोठी अडचण कायद्याची होती. अमेरिकी लष्कराचा ताबा १९३४ मध्ये उठल्यावर दुसऱ्याच वर्षी हैतीच्या सरकारने ‘अंधश्रद्ध प्रथां’विरुद्ध कायदा केला. लोमॅक्ससमोर गाणारी माणसे हा कायदा लागू असताना गात होती, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर चारपाच वर्षांतच कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठबळावर मोहीम काढली आणि तीत देवळांतील ढोल जाळले गेले.

त्रिनिदादमध्ये तर परिस्थिती याहून स्पष्ट दिसते. ख्रिस्ती उपासनेला आफ्रिकी परंपरेची जोड देणाऱ्या तेथील ‘स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट’ लोकांच्या, म्हणजे ज्यांना हेटाळणीने ‘शाउटर’ म्हणत त्यांच्या, उपासनेवर वसाहती सरकारने १९१७ मध्ये बंदी घातली आणि ती १९५१ पर्यंत टिकली. मेलव्हिल आणि फ्रान्सिस हर्सकोविट्स या मानवशास्त्रज्ञ दांपत्याने बेटाच्या ईशान्य टोकावरील टोको गावात ध्वनिमुद्रण केले ते १९३९ साली, म्हणजे बंदी चालू असतानाच. त्यात योरुबा या पश्चिम आफ्रिकी लोकांच्या देवतांची गाणी आहेत तशीच बॅप्टिस्टांची गाणीही आहेत. मला स्वतःला ही दुसरी गाणी अधिक चकित करतात. सुरुवातीला इंग्रजी चर्चमधले स्तोत्र संथ लयीत येते. मग टाळ्या पडू लागतात, शब्द मागे सरतात, आणि ढोल नसताना केवळ श्वास, हुंकार व कंठातून काढलेले आघाती बोल यांवर ठेका उभा राहतो. वाद्य हाती न घेता तालवाद्यांचा मेळ उभा करणाऱ्या या गायकीला ‘आदिम’ म्हणायला मन धजावत नाही.

क्यूबातील ध्वनिमुद्रणांच्या वेळी यंत्र सुधारलेले होते. लिडिया काब्रेरा यांनी होसेफिना ताराफा यांच्यासोबत १९५७ च्या सुमारास हवाना आणि मातान्सास येथे ध्वनिफितीवर मुद्रण केले आणि त्यातून चौदा तबकड्यांचा संच निघाला. काब्रेरा काही पाहुण्या संशोधक नव्हत्या. त्यांचा तेथील आफ्रिकी मुळांच्या धर्मांच्या उपासकांशी कित्येक वर्षांचा संबंध होता, आणि विधींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. ‘बाता’ नावाचे तीन ढोल, म्हणजे ‘इया’, ‘इतोतेले’ आणि ‘ओकोंकोलो’, मांडीवर आडवे ठेवून दोन्ही तोंडांनी वाजवले जातात. म्हणजे वादक तीन असले तरी तोंडे सहा, आणि इया वाजवणाऱ्याने इशाऱ्याचे बोल वाजवताच बाकी दोघांना ठेका बदलावा लागतो. ढोलांची विधिवत प्रतिष्ठा झालेली असेल तर ते दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच वाजवायचे असा दंडक आहे. वादनाचा आरंभ एलेग्वा या वाटा मोकळ्या करणाऱ्या देवतेपासून होतो आणि पुढे ठरलेल्या क्रमाने एकेका देवतेला वंदन केले जाते. आपल्याकडे गोंधळी गावोगावच्या देवतांना नावे घेऊन आवाहन करतात, ते ज्याने ऐकले आहे त्याला हा क्रम परका वाटणार नाही. मात्र त्यातला एकच तुकडा उचलून कोणत्याही गाण्यांच्या यादीत घुसवला, की हा क्रम ऐकणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट. जमैकातील रिव्हायव्हल आणि कुमिना या पंथांची गाणी ध्वनिमुद्रित करून १९५६ मध्ये तबकडीच्या रूपाने प्रसिद्ध करणारा तरुण संशोधक एडवर्ड सिआगा हा पुढे १९८० ते १९८९ या काळात त्या देशाचा पंतप्रधान होता. आपल्याकडच्या राजकारण्यांच्या हातून असे काही घडल्याचे मला तरी स्मरत नाही.

ही सारी ध्वनिमुद्रणे निर्दोष आहेत, असा माझा दावा मुळीच नाही. आवेष्टनावर मुद्रण करणाऱ्याचे नाव ठळक आणि पुढे गाणाऱ्या बाईचे किंवा मागे झील धरणाऱ्यांचे नाव बारीक अक्षरांत, किंवा नाहीच, हा प्रकार या क्षेत्रात सर्रास झाला आहे. लोमॅक्सच्या हैतीतील ध्वनिमुद्रणांच्या प्रती अखेर हैतीला परत देण्यात आल्या, ही गोष्ट म्हणूनच मला त्या दहा सीडींच्या संचाहून महत्त्वाची वाटते.

वाचकांना ऐकायचेच असेल तर काब्रेरा यांच्या संग्रहातून स्मिथसोनियन फोकवेज या अमेरिकी ध्वनिमुद्रण संस्थेने काढलेल्या तीन सीडींपासून आरंभ करावा आणि सोबतची टिपणपुस्तिका आधी वाचावी. लोमॅक्सने १९६२ मध्ये त्रिनिदाद, कारियाकू आदी बेटांवर केलेले मुद्रण त्याच्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या लोकांची गाणीही आहेत. आपल्या लेखकालाही माझी हीच शिफारस राहील.

शेवटी एक विनंती. हैतीने २००३ मध्ये व्होडूला धर्म म्हणून अधिकृत मान्यता दिली आहे, तर त्रिनिदाद व टोबॅगोत १९९६ पासून ३० मार्च हा दिवस, बंदी उठल्याची आठवण म्हणून, सार्वजनिक सुट्टीचा असतो. या उपासनांसाठी ‘जादूटोणा’ हा शब्द वापरल्याबद्दलची दुरुस्ती पुढील रविवारच्या पुरवणीत छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे