अप्पांच्या मृत्युपत्राची मुदत

लंडन

ती. काकांस सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. जेवणखाण वेळेवर आहे, आजीला सांगा.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात तसं अप्पांचं मृत्युपत्र तीन वर्षांनी बाद होत नाही. मुदत असते ती प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याच्या, अर्जाला. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३७ प्रमाणे ती ३ वर्षं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानुसार ती मृत्यूच्याच दिवसापासून मोजायची असं नाही, अर्जाचा हक्क निर्माण झाल्यापासून मोजतात. उशीर झाला तर कोर्ट कारण विचारतं आणि कागदाकडे संशयाने बघतं. म्हणून आताच अर्ज करा.

मृत्युपत्र पुण्यात केलेलं, फ्लॅटही कोथरूडचा, म्हणजे कायद्याने प्रोबेटची सक्ती नव्हतीच. तरी घ्या, उद्या कुणी हरकत काढली तर तेच कामी येतं. एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे) तुम्ही, त्यामुळे शिवाजीनगर कोर्टात अर्ज तुमच्याच नावाने. सोबत मूळ मृत्युपत्र (झेरॉक्सवर भागत नाही), मृत्यूचा दाखला, मालमत्तेची यादी, वारसांची नावं-पत्ते. अर्जावर शक्यतो मृत्युपत्राच्या एका साक्षीदाराची पडताळणी लागते. डॉक्टर गेले, उरले शेजारचे आजोबा, ते ऐंशीच्या पुढे. खरी घाई त्यांची आहे, तीन वर्षांची नाही. वारसांना नोटिसा जातील. आत्याने हरकत घेतली तर अर्जाचा दावा होतो आणि वर्षं जातात, तेव्हा तिच्याशी आधीच बोला. प्रोबेट मिळाल्यावर ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा. हे हमखास राहून जातं.

माझं संमतीचं प्रतिज्ञापत्र आणि लॉकरसाठीचं मुखत्यारपत्र पाठवते. मुखत्यारपत्र हातात आल्यापासून ३ महिन्यांत पुण्यात मुद्रांक भरून घ्या, नाहीतर दंड.

इथली एक तऱ्हा मात्र पचत नाही. प्रोबेट झालं की मृत्युपत्र सार्वजनिक! कुणीही फी भरून कुणाच्याही आजोबांचं मृत्युपत्र मागवू शकतो: धाकट्याला किती दिलं, थोरल्याला का नाही, सगळं. नातं विचारत नाहीत, कारणही नाही. आपल्याकडे हे कपाटाच्या चोरकप्प्यात असतं आणि इथे ते टपालाने घरपोच येतं.

"परदेशात बसून सल्ले देते" असं वहिनी म्हणाली असेल. कागद बघायला तर मीच आहे ना? कोर्ट फी मी भरणार, त्यावर वाद नको. येता येत नाही, एवढं तरी करू द्या.

आणि हो, इंग्लंडमध्ये लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र सहसा आपोआप रद्द होतं. हे मी का वाचलं, ते आता सांगते. आम्ही इथेच नोंदणी करतोय. नोटीस दिली आहे, मग पूर्ण २८ दिवस थांबावं लागतं. आईला हे आधी तुम्हीच सांगा, मी रविवारी फोन करते.

तुमची,
मनू